कोठ्याचं शेड आणि अठरा व्होल्टच्या बॅटऱ्या : कामाच्या नोंदी

वावर गावापासून साडेतीन किलोमीटर, तालुका आर्वी. जुना कुडाचा कोठा, म्हणजे बैलांचा गोठा, गेल्या पावसाळ्यात एका अंगाने बसला. नवा करायचा आहे तो 30 फूट लांब, 14 फूट रुंद, एकपाखी, लोखंडी पाइपचा, वर टिनं. वावरात लाइन आहे, पण मोटारीची : तीन फेजच्या तीन तारा, न्यूट्रल नाही म्हणून साधं ड्रिल त्यावर चालत नाही, आणि लाइनही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. काही जण जमिनीत सळाख ठोकून एक फेज आणि अर्थिंगवर ड्रिल मशीन चालवतात. मी तसं करत नाही, कोणी करू नये. ओल्या जमिनीत बैल चिकटलेला मी पाहिला आहे.

म्हणून बॅटरीची मशीनं घेतली. असंच लांबच्या वावरात काम काढणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतो आहे. चुकांसकट.

9 एप्रिल

वेल्डिंगवाल्याने जनरेटर धरून 28,000 मजुरी सांगितली, आणि नंबर मेच्या शेवटी. तोवर मृग डोक्यावर येतो. मी वीस वर्षांपूर्वीचा आयटीआय फिटर, नंतर शेतीच केली, पण पाइपला हात लावायची भीती नाही. ठरवलं की वावरात वेल्डिंग करायचंच नाही. खांबांच्या खालच्या प्लेटा आणि वरचे कान (बोल्ट बसवायच्या पट्ट्या) आर्वीच्या वर्कशॉपमधून जोडून आणायचे, बाकी सगळे जोड नट-बोल्टाचे. मग वावरात तीनच कामं राहतात : पाइप कापणं, भोकं पाडणं, टिनाला स्क्रू मारणं.

वहीत हिशेब मांडला. खांब 8, राफ्टर (खांबांवरचे उताराचे पाइप) 4, पर्लिनच्या (राफ्टरवर आडव्या, टिनं धरणाऱ्या पाइपांच्या) ओळी 6. पाइपचे काप 26. लहानमोठी भोकं दीडशेच्या आसपास. स्क्रू साडेतीनशे. हा हिशेब दुकानात जाण्याआधी केला हे बरं झालं. पण त्यातून बॅटरी किती लागेल हे काढलं नाही, ते पुढे भोवलं.

12 एप्रिल

नागपूर, इतवारी. चार दुकानं फिरलो. प्रत्येक जण आधी व्होल्ट सांगतो. एकाकडे 18, दुसऱ्याकडे 20, तिसऱ्याकडे 21, आणि एका खोक्यावर तर मोठ्या अक्षरांत ‘128 व्हीएफ’. पहिले तिन्ही एकच आहेत. आत लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल कामाच्या वेळी साधारण 3.6 व्होल्टचा, म्हणजे पाचांचे 18. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल 4.2 ला जातो, म्हणजे 21. कोणी भरलेल्या घागरीचं माप सांगतो, कोणी अर्ध्या. ‘128 व्हीएफ’ हे कशाचं माप, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट, मशीन निवडताना आपण खरं तर बॅटरीची खाच निवडत असतो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. आज ड्रिल घेतलं त्याच कंपनीचा उद्या ग्राइंडर, परवा फांद्या छाटायची करवत घ्यावी लागते. म्हणून मी आधी विचारलं की या बॅटरीवर अजून काय काय चालतं, सुटी बॅटरी आर्वी-अमरावतीला मिळते का, दुरुस्ती कुठे होते. दोन दुकानदारांना हे प्रश्न आवडले नाहीत. तिसऱ्याकडून घेतलं.

घेतलेलं सामान : ब्रशलेस (मोटरीत कार्बन ब्रश नसलेलं) ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू आवळणारं मशीन), 2 अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) दोन बॅटऱ्या आणि एक चार्जर, सेट 15,800. ग्राइंडर नुसता, बॅटरीशिवाय, 7,400. 4 अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांचा सेट चार हजाराने महाग होता. म्हटलं, दोन आहेत ना, एक चालेल तोवर दुसरी चार्ज होईल. तो चार हजाराचा मोह पुढे पाच दिवसांना पडला.

17 एप्रिल

खड्डे झाले. आज पाइप कापायला घेतले. अडीच इंची चौकोनी पाइप, जाडी 3 मिमी. ग्राइंडरला चार इंची, 1.2 मिमीचं कटिंग व्हील लावलं. पहिला काप लोण्यासारखा गेला. चौथ्याला मशीन मध्येच बंद. बॅटरीवर बटण दाबलं तर चार्ज दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एकच लागला. हात लावला तर चटका.

दुसरी बॅटरी लावली. पाच काप, आणि तीच गत. सकाळचे साडेनऊ वाजलेले, दोन्ही बॅटऱ्या संपलेल्या, चार्जर गावात. गाडी काढून घरी आलो. चार्जरला गरम बॅटरी लावली तर दिवे आलटून-पालटून लुकलुकायला लागले. मला वाटलं चार्जर बिघडला. पुस्तिका काढून वाचली (जी आधी वाचायची असते) : बॅटरी तापलेली आहे, थंड झाल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होईल. अर्धा तास ते सुरू झालं नाही. मग एका बॅटरीला तास, दोघींना दोन तास. परत वावरात पोचलो तर ऊन चढलेलं. दिवसभरात 9 काप.

रात्री हिशेब केला. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॅट-तास. ग्राइंडर पाइपमध्ये बसला की सहा-साडेसहाशे वॅट ओढतो. 36 ला 650 ने भागा, चार मिनिटंही येत नाहीत. हे गणित दुकानात दोन मिनिटांत झालं असतं.

21 एप्रिल

अमरावतीहून 4 अँपिअर-अवरची बॅटरी मागवली, 5,900. त्याच ग्राइंडरला, त्याच पाइपवर 11 काप झाले. दुप्पट बॅटरीने दुप्पटीहून जास्त काम केलं. कारण सोपं आहे. लहान बॅटरीत पाच सेलची एकच रांग असते, सगळा भार तिच्यावर. माझ्या मोठीत पाचाच्या दोन रांगा आहेत, भार वाटला जातो, सेल कमी तापतात आणि व्होल्टेज खाली बसत नाही. एका बैलाने ओढायची बंडी दोघांनी ओढावी तसं. मशीनलाही जोर जास्त आल्यासारखा वाटतो, मशीन तेच असूनही.

दुसरी 4 ची बॅटरी त्याच दिवशी मागवली. लहान दोन्ही आता फक्त इम्पॅक्टला. ज्याला ग्राइंडर घ्यायचा आहे त्याने 4 च्या खालच्या बॅटरीचा विचारच करू नये. ज्याला नुसते स्क्रू मारायचे आहेत त्याला 2 ची बरी, हलकी असते, शिडीवर हात दुखत नाही.

24 एप्रिल

भोकं. कानांना 12 मिमीचे बोल्ट. मी सरळ 12 चा बिट लावला, वेगाचं बटण दोनवर, आणि जोर दिला. पाइपवर बिट नुसता फिरला, निळा पडला, किर्र आवाज आणि जळका वास. दुसरा बिट, तीच गत. दोन बिटांचे 340 रुपये वीस मिनिटांत गेले.

फिटरचं शिक्षण वीस वर्षांत विसरलो होतो. मग नीट केलं : सेंटर पंचाने खूण, 4 मिमीचं भोक, मग 8, मग 12. गिअर एकवर, म्हणजे हळू. टोकाला तेल. वावरात मशीनचं तेल नव्हतं, घरचं तळणाचं उरलेलं सोयाबीन तेल डबीत भरून नेलं. त्यानेही छान चाललं. लोखंडाचा किस लांब वळ्यांनी बाहेर यायला लागला की समजावं वेग बरोबर आहे. भुगा पडत असेल तर बिट घासतो आहे, कापत नाही.

एक इशारा. 12 चा बिट पाइपच्या पलीकडच्या भिंतीतून निघताना अडकतो आणि मशीन हातात फिरतं. या ब्रशलेस मशीनचा पीळ मनगट मोडण्याएवढा आहे. बाजूचा दांडा खोक्यातच पडून होता. माझं मनगट दोन दिवस सुजलं, मग दांडा लावला.

29 एप्रिल

आज आग लागली.

उरलेले पर्लिनचे पाइप मी जुन्या कोठ्याच्या बाजूला कापत होतो. सात-आठ पावलांवर कुटाराचा (भुशाचा) ढीग. ठिणग्या त्या बाजूला जात होत्या हे दिसत होतं, पण पोचणार नाहीत असं वाटलं. वारा फिरला. मी खाली मान घालून कापत होतो, कानात ग्राइंडर. सालदार (सालभर ठेवलेला गडी) ओरडला, “भाऊ, धूर! धूर निंगून रायला ना जी!” वर पाहिलं तर ढिगाच्या कडेला ताटाएवढा काळा डाग, आणि तो पसरतो आहे. माठावर टाकलेलं ओलं पोतं त्याने ओढून आपटलं, मी फावड्याने माती टाकली. पाच मिनिटांत विझली. कुटार पाटीभर गेलं. मागे बैल बांधलेले होते.

तारेच्या मशीनला निदान एका जागी बसावं लागतं. बॅटरीचं मशीन कुठेही नेता येतं, म्हणून माणूस कुठेही कापतो. आता नियम : कापायचं ते खडकाळ धुऱ्यावर (बांधावर), पाण्याची बादली शेजारी, आणि काम संपल्यावर पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही.

3 मे

पुतण्याने मदतीला त्याचा सेट आणला. मोबाइलवरून मागवलेला, 3,300 ला. खोक्यावर तोच तीन आकडी व्होल्टचा आकडा, बॅटरीवर 6 अँपिअर-अवर. खाच मोठ्या कंपनीसारखी दिसणारी. नऊ दिवसांत एक बॅटरी चार्ज घेईनाशी झाली.

“काकाजी, मले वाटलं चार्जरच खराब हाय. पन दुसरी घेऊन रायली ना.”

संध्याकाळी खाटेवर बसून उघडली. चार स्क्रू. आत दहा सेल मावतील एवढी जागा, सेल पाचच. उरलेली जागा रिकामी, हलवली की आतलं खुळखुळू नये म्हणून फेसाचा तुकडा. सेल 18 मिमी जाड, 65 मिमी लांब, नेहमीचेच. पाचपैकी चार 3.7 व्होल्टच्या आसपास, पाचवा 1.1. माझ्या बॅटरीत प्रत्येक सेलच्या जोडातून एक बारीक तार आतल्या सर्किटच्या पट्टीकडे जाते. प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवायला. इथे ती नव्हतीच. चार्जरला फक्त एकूण बेरीज दिसते. एक सेल मागे पडला तरी चार्जर 21 पुरे करायला बाकीच्या चारांत कोंबत राहतो. हा प्रकार रात्रभर घरात खाटेखाली चालू होता.

पुतण्याचं म्हणणं, मोबाइलवर दाखवतात तसं चांगल्या बॅटरीच्या दोन तारा मेलेल्याला लावून जिवंत करू. मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्याने लावल्या. तारेचं वरचं प्लॅस्टिक वितळून वास सुटला. तारा ओढून काढल्या, ती बॅटरी अंगणाच्या कोपऱ्यात वाळूच्या ढिगावर रात्रभर ठेवली. काही झालं नाही. नशीब. एकदा अडीच व्होल्टच्या खूप खाली गेलेला सेल चार्ज होतो, पण आतून खराब झालेला असतो, आणि तो कधी पेटेल याचा नेम नाही. असली बॅटरी जिवंत करायचीच नाही.

मग दुसरी बॅटरी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली : 370 ग्रॅम. माझी 2 ची तेवढ्याच वजनाची, 4 ची सव्वासहाशे. एक सेल साधारण 45 ग्रॅमचा. 6 अँपिअर-अवर लिहिलेली बॅटरी पाव-दीड पावात बसत असेल तर आत पाचच सेल आहेत आणि आकडा खोटा आहे. उघडायची गरज नाही, काटा पुरे. दुकानदार म्हणाला, “आता बॅटऱ्याही तोलून विकता का?”

पुतण्याचं मशीन वाईट नाही. मोटर चालते, चक (बिट धरणारा भाग) सरळ आहे. घराच्या दाराला बिजागऱ्या लावायला ते पुरेल. आकडा मात्र खोटा, आणि चार्जर डोळ्यांसमोर ठेवायचा.

10 मे

खांब उभे, राफ्टर चढले. आता शत्रू ऊन. सकाळी साडेदहानंतर पाइपला उघडा हात लागत नाही. बॅटरी दहा मिनिटं उन्हात राहिली तर काम न करताच गरम. काल मी एक गाडीच्या डिक्कीत विसरलो. दुपारी काढली तर मशीनला लावल्यावर चालेचना, नुसता दिवा लुकलुक. माझ्या पुस्तिकेत चार्जिंग 10 ते 40 अंशांतच करा, आणि 50 च्या वर जाईल अशा जागी ठेवू नका, असं स्पष्ट आहे. माझा थर्मामीटर दुपारी 47 दाखवत होता. जिथे माणूस बसू शकत नाही तिथे बॅटरी चार्ज करायची नाही, एवढंच लक्षात ठेवलं.

फ्रिजमध्ये ठेवू नका. पुतण्याने सुचवलं होतं. बाहेर काढल्यावर थंड वस्तूवर पाणी सुटतं, तेच आत पट्टीवर सुटेल.

मी केलेला उपाय : निंबाखाली टोपलीभर वाळू ओली करून त्यात कोरडा, जुना माठ अर्धा पुरला. बाहेरून ओलं पोतं. आत स्टीलचा झाकणाचा डबा, डब्यात बॅटऱ्या. पाणी बॅटरीला कुठेच लागत नाही, पण हवा कोरडी असल्यामुळे माठ गार राहतो. गरम बॅटरी डब्यात टाकली की वीस-पंचवीस मिनिटांत हाताला साधी लागते. बाहेर सावलीत तास लागत होता. सालदाराने त्याला नाव दिलं ‘बॅटरीचा माठ’. आता पाणी प्यायला आलेले शेजारी झाकण काढून आत पाहतात आणि माझ्याकडे पाहतात.

जूनमध्ये हवा दमट झाल्यावर याचा फार उपयोग होणार नाही. तेव्हा गरजही राहणार नाही.

25 मे

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला. वेळापत्रक पूर्ण बदललं. पहाटे पाच ते दहा काम, संध्याकाळी साडेपाच ते दिवेलागण. दुपारी बॅटऱ्या घरी आणायच्या, कूलरच्या झोतात, पण पाण्याचे थेंब उडणार नाहीत एवढ्या लांब, अर्धा तास. मग रात्री जेवण झाल्यावर चार्जिंगला. आधी मी दुपारीच लावत होतो, गरम खोलीत. चार्जिंगमध्ये बॅटरी स्वतःही तापते, बाहेरचं तापमान त्यात मिसळतं.

घरच्यांशी एक वाद झाला. आमचा फवारणीचा पंप 12 व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीवर चालतो. तिची सवय अशी की वापरली की लगेच पूर्ण भरा, भरलेलीच ठेवा, नाहीतर मरते. ही सवय हाताला इतकी बसली आहे की ड्रिलच्या बॅटऱ्याही बायको आठवडाभर चार्जरवरच ठेवायची. “अहो, रिकामी ठेवली तं खराब होईन ना?” तिचं चूक नाही, दहा वर्षं तेच केलं. पण लिथियमचं उलटं. उद्या वापरायची असेल तर आज रात्री भरा. महिनाभर पडून राहणार असेल तर अर्धी ठेवा, दोन दिवे. भरलेली बॅटरी उन्हाळ्यात पडून राहिली की तिची धारणशक्ती सगळ्यात लवकर उतरते. आणि अगदी संपेपर्यंत वापरायची नाही. मशीन मंद झालं की थांबा, ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबून शेवटचा थेंब काढू नका.

30 मे

टिनं आली. 16 फुटी, रंगीत, 0.5 मिमी, दहा नग. ट्रॉलीतून उतरवताना वावधन (वादळी वारा) सुटलं. एक टिन हातातून सुटून तुरीच्या धसकटांपर्यंत उडालं, कोपरा मुरगळला. कोणाला लागलं नाही. त्यानंतर सगळी एकावर एक ठेवून वर दगड आणि दोर.

शेवटचं टिन रुंदीला जास्त होतं. मी ते ग्राइंडरने कापलं, कारण ग्राइंडर हातात होता. कापल्याजागी रंग भाजून पांढरा झाला आणि ठिणग्या शेजारच्या टिनावर चिकटल्या. पुसून निघत नाहीत. मेस्त्री आला होता सहज पाहायला, म्हणाला, “पयल्याच पाण्यात गंज धरीन तिथी. कात्री नाई का तुमच्याकडं?” पत्र्याची कात्री 450 ची, घरात होती, माळ्यावर. कडेला रंग लावून घेतला.

2 जून

स्क्रू. हे सगळ्यात सोपं काम असेल असं वाटलं होतं.

65 मिमीचे, टोकालाच ड्रिल असलेले स्क्रू, आठ नंबरचा चुंबकी सॉकेट, इम्पॅक्ट. टिनाच्या उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, म्हणजे पाणी स्क्रूवरून वाहत नाही. म्हणूनच लांब घेतले. पहिल्या ओळीत इम्पॅक्ट तीन नंबरच्या वेगावर ठेवला आणि ट्रिगर पूर्ण दाबला. स्क्रू जागीच फिरत राहिला, टोक लाल झालं आणि बोथट. पाइपला ओरखडा, भोक नाही. वेग कमी करून, सरळ वरून वजन देऊन, ठक-ठक सुरू व्हायच्या आत टोकाने पाइप कापायला हवा. पाइप कापला गेल्याचं हाताला कळतं, एक हलका गचका बसतो. मग पूर्ण वेग.

दुसरी चूक मोठी. इम्पॅक्ट थांबत नाही, आपणच थांबवावा लागतो. मी प्रत्येक स्क्रू घट्ट होईपर्यंत ठोकला. चाळीस स्क्रू झाल्यावर खाली उतरून कडेने पाहिलं तर रबरी वायसर (वॉशर) बाजूने फुगून बाहेर आलेला, काही तर फाटलेले, आणि टिनाला वाटीसारखा खळगा. त्यातून पाणी आत येणारच. चाळीसही काढले, नवे वायसर लावले. सकाळ गेली. बरोबर घट्टपणा असा : वायसर पत्र्याच्या चकतीच्या काठाला येऊन थांबतो, बाहेर डोकावत नाही, आणि बोटाने फिरवला तर फिरत नाही. त्यानंतर शेवटची ओढ मी ड्रिलने द्यायला लागलो, चकमागची कडी 14 वर. ती ठरलेल्या जोराला कडकडते आणि थांबते. वेळ जास्त लागतो, चुका होत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट, जिने माझा अर्धा तास खाल्ला. पंधरा-वीस स्क्रूंनंतर सॉकेट डोक्यावर नीट बसेना, निसटायला लागला. मला वाटलं सॉकेट झिजला. उलटा करून पाहिलं तर आत तळाला चुंबकाला लोखंडाचा किस चिकटून गच्च थर झालेला. खिळ्याने कोरून, फुंकर मारून साफ केला की परत बसतो. आता दर दहा स्क्रूंनंतर.

वहीतली मोजणी : 2 च्या बॅटरीवर 75 ते 80 स्क्रू, 4 च्यावर 170. जिथे दोन पर्लिन एकमेकांवर आहेत तिथे आधी 4 मिमीचं भोक पाडून घेतलं, नाहीतर स्क्रूचं टोक मरतं.

6 जून

काल संध्याकाळी जोराचं वावधन. गावाबाहेर दोन खांब पडले, लाइन गेली. तीन ओळी स्क्रू बाकी, आणि चारही बॅटऱ्यांत मिळून दोन दिवे.

घरच्या इन्व्हर्टरवर चार्जर लावला. गुणगुण आवाज, दहा मिनिटांत चार्जर इतका गरम की हात ठेववेना. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा आहे, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लहर देत नाही. पंखा चालतो, पण गुणगुणतच. पुस्तिकेत जनरेटरवर चार्जर लावू नका असंही आहे. काढून ठेवला. शेजारच्या वावरात सौर पंप आहे, पुतण्याची नजर तिकडे गेली. त्या पॅनलचा डीसी चार्जरला देणं म्हणजे चार्जर आणि माणूस दोन्ही घालवणं. नाही म्हटलं.

शेवटी चारही बॅटऱ्या आणि चार्जर पिशवीत घालून आर्वीला साळ्याकडे. चहा, जेवण, मुलाच्या दहावीच्या मार्कांची चर्चा, साडेपाच तास. एकच चार्जर, त्यामुळे एकामागे एक. दुसरा चार्जर 2,200 ला मिळत होता. आधीच घ्यायला हवा होता. चार बॅटऱ्यांना एक चार्जर हे नियोजनच नव्हतं.

11 जून

शेवटचा स्क्रू मारला. एकूण 352, वाया 29.

खर्च, फक्त हत्यारांचा : सेट 15,800, ग्राइंडर 7,400, 4 च्या दोन बॅटऱ्या 11,800, बिट आणि कटिंग व्हील 2,150, सॉकेट दोन 180. बेरीज 37,330. वेल्डिंगवाल्याच्या मजुरीपेक्षा 9,330 जास्त. मशीनं उरली हे खरं, पण ‘पैसे वाचले’ असं मी कोणाला सांगणार नाही. सुरुवातीलाच 4 च्या बॅटऱ्यांचा सेट घेतला असता तर चार हजार जादा गेले असते, पण नंतरचे 11,800 वाचले असते. म्हणजे 7,800 चं नुकसान माझ्याच हाताने.

वेळ : कामाचे दिवस 24. त्यातले बॅटरीची वाट पाहण्यात किंवा तिच्यामागे पळण्यात पाच. पुन्हा करण्यात दोन. मनगटामुळे दोन.

पावसाळ्यासाठी : चारही बॅटऱ्या दोन दिव्यांवर आणून, टोकांवर प्लॅस्टिकची टोपणं लावून, धान्याच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात. टिनाखाली नाही, बियाण्याच्या औषधांजवळ नाही. उंदरांसाठी डब्यात. मेलेली ती एक बॅटरी पुतण्या नागपूरला गेला की जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात देईल. तोवर ती मातीच्या कुंडीत, घराबाहेर.

15 जून

रात्री तीनला पहिला चांगला पाऊस. टॉर्च घेऊन वावरात गेलो. बैल आत, कोरडे. दोन ठिकाणी थेंब. एक मधल्या जोडावर, जिथे एक टिन दुसऱ्यावर कमी चढलं होतं. दुसरा पहिल्या ओळीत, चाळीसपैकी एक स्क्रू बदलायचा राहून गेला होता, त्याचा वायसर जिभेसारखा बाहेर लटकत होता.

सकाळी पाऊस थांबल्यावर कोनाड्यातली 2 ची एक बॅटरी घेऊन गेलो. टिन ओलं, म्हणून शिडी कडेला लावली, सालदाराने खाली धरली. जोडावर दोन जादा स्क्रू, तिसरा बदलीचा. बॅटरीवर अजून एक दिवा होता.